बुंद्याचे कान तपासले

शिरगाव, बदलापूर पूर्व
रविवार, दुपार

आदरणीय शंकरमामांस,

यशोधराचा सप्रेम जय भीम. गुडघा कसा आहे? तेल चोळता, की बाटली नुसतीच खिडकीत उभी? (फोनवर तुम्ही "बरंय, बरंय" म्हणून ठेवून देता, म्हणून मुद्दाम पत्र लिहितेय.) इकडे मी, हे आणि राही मजेत आहोत. शिवाय घरात आता एक कुत्रा आहे.

उल्हासनगरचं एक म्हातारं सिंधी जोडपं मुलाकडे इंदूरला राहायला गेलं, त्यांचा हा कुत्रा. अंगभर पिवळे ठिपके, म्हणून राहीने नाव ठेवलं बुंद्या. अंगाने गुटगुटीत, स्वभावाने गरीब, पण सांगितलेलं ऐकेल तर शपथ! "ये" म्हटलं की आदराने बघतो. "बस" म्हटलं की आणखी आदराने बघतो. ह्यांनी निकाल दिला, कुत्रा बहिरा आहे. खात्री करायला ह्यांनी त्याच्या मागे उभं राहून परात वाजवली. बुंद्या हलला नाही (झोपला होता हो तो!), खालच्या वहिनी मात्र धावत वर आल्या.

मग काल कान तपासायला आणि लसही टोचून घ्यायला निघालो अंबरनाथ पूर्वेला, डॉक्टर सुरुचींकडे. रिक्षावाला म्हणाला, "कुत्ता नहीं बैठेगा." बुंद्या तोवर ऐसपैस बसला होता, खाली उभे होतो आम्ही. दवाखान्यात मांजरी, ससा, शिवाय पिंजऱ्यातला पोपट घेऊन बसलेल्या एक मीना आंटी (नाव नंतर कळलं). आमचा नंबर आला. डॉक्टर म्हणाल्या, "घट्ट धरा हं." ह्यांनी डोळे मिटून घट्ट धरला, तो कंपाउंडरचा हात! सुई बुंद्याला टोचली, "आई गं" हे ओरडले, आणि आपल्याला कुणीच धरलेलं नाही हे बुंद्याच्या लक्षात आलं. टेबलावरून उडी, सशाच्या टोपलीवरून दुसरी, आणि गडी थेट रस्त्यावर!

मामा, समोरून पाण्याचा टँकर येत होता आणि हा मधोमध उभा. राही रडत "बुंद्या, ये ना" करतेय, हे "कम, कम" करतायत, रिक्षावाले "अरे हट, हट" करतायत, आणि बुंद्या सगळ्यांकडे आळीपाळीने आदराने बघतोय! तेवढ्यात मीना आंटी पिंजरा सांभाळत दारात आल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "अच पुट, हेडे अच!"

बुंद्याचे कान ताठ. बाणासारखा आला. आंटी म्हणाल्या, "वेहु," आणि तो बसला! टँकर मागून निघून गेला. शेपूट असं हलत होतं की दारातल्या चपला इकडच्या तिकडे झाल्या. आंटींनी त्याचा गळा खाजवला आणि मला म्हणाल्या, "घर में कोई सिंधी नहीं बोलता? बेचारा कितना अकेला पड़ गया होगा." मला एकदम भरून आलं. डॉक्टरांनी कानात बॅटरी मारून सांगितलं, "कान उत्तम आहेत. कुत्रा शहाणा आहे, तुम्ही काय बोलता ते त्याला कळत नाही एवढंच."

आता घरात सगळे सिंधी बोलतात, म्हणजे दोन शब्द. काल रात्री ह्यांनी राहीला "वेहु" म्हटलं आणि ती चक्क अभ्यासाला बसली.

तुमची भाची,
यशोधरा

ता. क. तुम्ही उल्हासनगरच्या कापडाच्या दुकानात आयुष्यभर सिंधीत साड्या विकल्यात. आठ दिवस या आणि आम्हाला शिकवा. बुंद्याच्या प्रकृतीसाठी फार गरजेचं आहे.

ता. क. २ वरचं खोटं आहे. मीना आंटी कालपासून फोनवर नवे नवे शब्द पाठवतायत, आणि बुंद्याला आज सकाळपासून "चपाती" हा मराठी शब्दही येतो. मामी गेल्यापासून तुम्ही शहाडला एकटे चहा करता, एकटे पिता, हे मला बघवत नाही. आतली खोली रिकामी केलीय. आठ दिवसांसाठी नाही, कायमचं राहायला या. बुंद्याला कसं बोलवायचं ते आम्हाला कळलं. तुम्हाला कुठल्या भाषेत बोलवलं की येता, तेवढं कळवा.