भिंगरीची साक्ष

३ मे

चि. छबूस ताईचे अनेक आशीर्वाद.

सुट्टी लागून आठवडा झाला आणि तुझं दोन ओळींचं कार्ड नाही! मुक्या-बहिऱ्यांच्या शाळेत मास्तरीण झालीस म्हणून ताईशी पण अबोला का? आईची पाठ कशी आहे? कूस बदलायचा कंटाळा करू नकोस म्हणावं तिला.

इकडे तुझ्या लाडक्या भाचीने, भिंगरीने, माझा जीव टांगणीला लावलाय. बारा वर्षांची घोडी, पण दिवसभर माझ्या शिलाई मशीनच्या पायाशी बसून असते. शाळेची पेटी पलंगाखाली पार भिंतीपर्यंत ढकललीय. दोन घास खाल्ले की उठते. सारखी गळ्याशी गुंडी लावल्यासारखं करते आणि मग मनगट फिरवून कुलूप लावते. मी पडले शिंपीण! मला वाटलं, बंद गळ्याचा फ्रॉक हवा असेल. गिऱ्हाइकाचं काम बाजूला ठेवून शिवला, तर भिंगरीने वरची गुंडी दातांनी तोडून टाकली. माझं डोकं फिरलं, पाठीत धपाटा घातला. मग मलाच रडू आलं.

घरी हातवारे करू दिले तर मूल बोलायला शिकत नाही, असं तुमच्या शाळेने बजावलंय. म्हणून मी तिचे हात धरून ठेवते आणि ओठांकडे बघ म्हणते. पण मला काही म्हणजे काही कळत नाही गं. तिची भाषा घरात तुला एकटीला येते. ती काय म्हणतेय ते कळव. शाळा उघडली की पाठवू ना तिला? ह्यांचं म्हणणं, मी लाडावून ठेवलीय.

आईला जप, आणि माझ्यावर जीव आहे तसाच राहू दे.

तुझी ताई

९ मे

ति. ताईस छबूचा वाकून नमस्कार, वि. वि.

फ्रॉकचं वाचून आई इतकी हसली की तिला ठसका लागला. अगं, गळ्याशी गुंडी म्हणजे आमचे रेक्टर सर! मुलं सगळ्यांना अशी खुणेची नावं देतात. कितीही उकडलं तरी सरांची वरची गुंडी लावलेलीच, म्हणून ते नाव. माझं नाव हनुवटीवरचा तीळ. कुलपाचं म्हणशील तर वसतिगृह आहे, दारं बंद व्हायचीच. शिस्त पोरांना खुपते. सुट्टीनंतर सगळ्यांचेच पाय जड होतात. तू उगाच मनाला लावून घेऊ नकोस.

मी आहे ना इथे? पोटच्या पोरीसारखी बघते तिला. शाळेने ही क्वार्टर दिली म्हणून तर आईचा पलंग खिडकीपाशी टाकता आला. मुख्याध्यापकांचे आपल्यावर फार उपकार आहेत. भिंगरीला वेळेवर पाठव.

भाऊजींना नमस्कार. धाकटीवर माया आहेच, ती वाढावी.

तुझी छबू

२६ जुलै

चि. छबूस आशीर्वाद.

चौकशीहून परत आलो. भिंगरीला घरीच आणलंय, हे तुला ठाऊक आहेच. वसतिगृहातल्या त्या मोठ्या मुलीच्या बापाने रेक्टरांची तक्रार केली नसती तर आम्हाला कुणी बोलावलंही नसतं.

आता सरळ विचारते. त्या खोलीत मी भिंगरीशेजारी बसले होते. चौकशीच्या साहेबांनी विचारलं, तू त्यांचा प्रश्न तिला हातांनी सांगितलास, आणि तिचे हात सुटले. भिंतीवरचं घड्याळ समोरच होतं. चांगली दहा मिनिटं बोलत होती पोर. गुंडी लावली, कुलूप लावलं, बोटं मोजली, शेवटी तुझ्याकडे बघून हनुवटीला हात लावला. आणि तू साहेबांना काय सांगितलंस? सर रागावतात, घरची आठवण येते, एवढंच. दहा मिनिटांचं एवढंच होतं?

तू बोललीस आणि भिंगरीने तुझ्या ओठांकडे पाहिलं. ओठ वाचायला तुम्हीच शिकवलंत तिला. तिने दोन्ही हात मांड्यांखाली घातले. तेव्हापासून खूण नाही की काही नाही. आता मी तिचे हात धरत नाही, तरी ते उठत नाहीत.

ती काय म्हणाली? तुला माझी शपथ आहे.

ताई

२ ऑगस्ट

ति. ताईस नमस्कार कुठल्या तोंडाने करू?

शपथ घातलीस म्हणून लिहिते. ती म्हणाली, दुपारच्या विश्रांतीत रेक्टर सर औषधांच्या खोलीत नेतात आणि आतून कुलूप लावतात. कपडे काढायला लावतात. 'मी आणि आणखी तिघी', असं बोटांवर मोजलं. मग म्हणाली, मागच्या वर्षी मावशीला सांगितलं होतं. मावशीने कुणाला सांगू नको म्हटलं.

ताई, ते वाक्य मला माझ्याच तोंडाने साहेबांना सांगायचं होतं. माझी जीभ रेटेना. त्या सकाळीच मुख्याध्यापकांनी बोलावून आईची चौकशी केली होती, आणि क्वार्टरवर बरेचजण टपलेत म्हणाले. पण सगळं त्यांच्यावर ढकलणार नाही. तुझं मे महिन्यातलं पत्र वाचलं तेव्हा मला कळलं होतं. त्याच्याही आधी कळलं होतं. मी भित्री आहे.

काल साहेबांकडे जाऊन मी चुकीचं सांगितलं असं लिहून दिलं. ते म्हणाले, बाई, तुमचं पहिलं खरं मानू की दुसरं? मुलीलाच पुन्हा विचारू. बाहेरची दुभाषी आणणार आहेत. क्वार्टर सप्टेंबरअखेर सोडायचीय. आईला अजून सांगितलेलं नाही. मला माफ कर असं म्हणत नाही.

छबू

१९ सप्टेंबर

छबू,

दुभाषी आली होती. चांगली बाई होती, भिंगरीपुढे जमिनीवर बसून तासभर गोड बोलत राहिली. भिंगरी हातांवर बसून खिडकीबाहेर बघत होती. साहेबांनी पण धीर धरला, मग लिहिलं, मुलीला काही सांगायचं नाही. मला आई म्हणून सही करायला लावली. बाकी तिघींच्या घरच्यांनी, तक्रार करणाऱ्या त्या बापानेही, आधीच अशा सह्या केल्यात. त्या पोरी तिथेच आहेत, आणि तो माणूसही.

आईला माझ्याकडे आणून सोड. मशीन बाहेरच्या खोलीत काढलंय. तू उंबऱ्यापर्यंत ये, आत येऊ नकोस. तुझं नुसतं अक्षर दिसलं तरी भिंगरी उठून जाते.

तुझं तोंड बघायची इच्छा नाही मला. पण तिची भाषा येणारं दुसरं कुणी माझ्या ओळखीचं नाही, हे माझं नशीब. तेव्हा दर पत्रात रोजच्या पाच खुणा कागदावर हातांची चित्रं काढून पाठवत जा. भूक, पाणी, दुखतंय, असलं. ती बघेल की नाही, माहीत नाही. आता तर माझ्याकडेही बघत नाही.

सगळ्यात आधी 'आईचं चुकलं' कसं म्हणायचं ते पाठव. जूनमध्ये तुझं ऐकून पेटी उचलून तिला शाळेत परत सोडायला मीच आले होते. फाटकाशी तिने माझा पदर धरला होता, तो मी सोडवला.

लोभ असावा असं लिहवत नाही. कागद मात्र पाठव.

ताई