माणसं दोन, कुत्री दोन

३ सप्टेंबर

पोचलो एकदाचे! शेवटचे नऊ मैल रस्ता नव्हताच, नुसते दगड. घरगाडीतली भांडी सारखी खडखडत होती, पण फुटलं काही नाही. तळावर माझ्याखेरीज कोणी नाही. गाडी एका दमात मागे घेऊन लावली. अल्विन असता तर मागे उभा राहून दोन्ही हात हलवत ओरडला असता आणि त्या गडबडीत मी नक्की गाडी झाडावर घातली असती. कुत्र्यांपैकी गसने उतरल्याबरोबर एका पाइनच्या झाडावर आपला हक्क सांगितला, लगेच पिपाने त्यावर आपला.

तळाची राखण डीला नावाची सत्तरीची बाई करते. उन्हाळाभर ती इथेच असते. अस्वलं उतरताहेत, खाण्याचं काही बाहेर ठेवू नकोस, अशी तंबी तिने दिली. मग विचारलं, एकटीच का? म्हटलं, एकटी कशी, दोन कुत्री आहेत की. त्यावर ती म्हणाली, मग तर गर्दीच झाली.

सहा वर्षं आमचं घर म्हणजे ही गाडी. वायोमिंगमधली एकेक पायवाट आम्ही नवरा-बायको आणि ही दोन कुत्री, चौघांनी तुडवलीय. अल्विनला जाऊन सात महिने झाले. त्याची राख कॉफीच्या डब्यात आहे, डबा त्याने स्वतः निवडलेला. वर सॅडल तळ्यावर ती सोडायची, हेही त्यानेच ठरवलेलं. त्याचे बूट अजून दाराशी आहेत. ते का आहेत, हे मला कोणी विचारू नये.

४ सप्टेंबर

सकाळी सातला निघाले. पायवाटेच्या तोंडाशी खांबावर लाकडी पेटी, पेटीत नोंदवही आणि दोरीला बांधलेली पेन्सिल. वर जाताना नाव लिहायचं, उतरल्यावर नावापुढे वेळ टाकायची. वेळ नसली की शोधाशोध सुरू होते. हजार वेळा केलेलं काम. गसची ओढाओढ चालली होती, मी भराभर लिहून निघाले.

तळ्यावर तीन तास बसले. डब्याचं झाकण काही उघडलं नाही. म्हणजे उघडलं असतं, मीच उघडलं नाही.

उतरल्यावर वेळ टाकायला वही उघडली. माझ्याच अक्षरात होतं: अल्विन. त्याखाली जोलीन. माणसं दोन, कुत्री दोन. सहा वर्षांची सवय, हाताला कोण सांगणार! माझ्या नावापुढे वेळ लिहिली. त्याच्या नावापुढे काय लिहू? रिकामंच सोडलं.

६ सप्टेंबर

डीला रोज संध्याकाळी वही बघते. सकाळी दार ठोठावून म्हणाली, तुझा माणूस दोन दिवस वर आहे, कुणाला कळवलंस का? मी सगळं सांगितलं. वाटलं, हसेल. हसली नाही. आत्ताच्या आत्ता जा आणि ते खोड, म्हणाली. ज्याच्या हाताने लिहिलं त्यानेच खोडायचं, दुसऱ्याचं चालत नाही. हो म्हटलं आणि तिला कॉफी दिली. ती बुटांकडे बघत होती. कॉफी तशीच ठेवून गेली.

७ सप्टेंबर

उजाडता उजाडता शीळ ऐकू आली. दोन आखूड, एक लांब. कुत्र्यांना बोलवायची अल्विनची शीळ. मला ती कधीच जमली नाही, तोंडातून नुसती हवा जायची. तो म्हणायचा, जोलीन, तुझ्या शिळेला कुत्रं सोड, डाससुद्धा येणार नाही.

एल्क हरणांचा माज सुरू झालाय, नर दिवसभर शिळेसारखे ओरडतात. तेच असणार.

पण दोन्ही कुत्री दाराशी उभी होती. शेपट्या हलत होत्या.

८ सप्टेंबर

डीलाकडे गेले. तिने तिची गोष्ट सांगितली. अकरा वर्षांपूर्वी तिनेही सवयीने बहिणीचं नाव लिहिलं होतं, बहीण वारल्यानंतर. ती म्हणाली, पोरी, वर गेला असं लिहिलंस, म्हणजे तो वर गेला. आता वाट शोधत खाली येणार. जेवढी नावं तेवढी माणसं, डोंगराला दुसरा हिशेब येत नाही. मेलेला आणि जिवंत, दोघं वहीत एकत्र राहत नाहीत, एक नाव खोडलंच पाहिजे.

तिने बहिणीचं खोडलं. त्यानंतर बहिणीचा आवाज कसा होता तेच तिला आठवेना. फोटो आहेत, पत्रं आहेत, आवाज मात्र पुसला गेला. म्हणून दर उन्हाळ्यात येते, चुकून कधी ऐकू येईल म्हणून. हे सांगताना रडली.

१० सप्टेंबर

गस गेला.

दुपारी, लख्ख उन्हात. शीळ आली आणि पट्टा हिसकून पळाला. बारा वर्षांचा, मागच्या पायाने लंगडणारा गस, पिल्लासारखा धावत चढला. तळ्यापर्यंत हाका मारत गेले. काठच्या चिखलात त्याचे पंजे होते, शेजारी बुटांचे ठसे.

परत आले तर दाराशी अल्विनचे बूट. ओले. तळव्यांना तोच काळा चिखल.

त्याने कुत्र्याला बोलावलं. मला नाही.

११ सप्टेंबर

वहीपाशी गेले. पेन्सिल त्याच्या नावावर ठेवली. नाही जमलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी कागद पुढे केला होता. श्वासाचं यंत्र बंद करायला बायकोची सही लागते म्हणाले. मी केली. नीट, पूर्ण नाव. त्याचा हात माझ्या हातात गरम होता आणि मी सही केली.

एकदा त्याला माझ्या हाताने सोडलंय. पुन्हा नाही.

१२ सप्टेंबर

शीळ आता जवळून. पाण्याच्या टाकीमागून — पिपाने दाराचं लाकूड कुरतडलंय, तोंड रक्ताळलंय. तिला कुशीत घेऊन बसलेय. सुटली तर तीही जाईल. डीला बाहेरून ओरडतेय, खोड, बाई, खोड, कुत्री तरी वाचव —

एक नाव खोडायचं. कुठलं, ते डोंगर विचारत नाही.

१३ सप्टेंबर

खोडलं.

पेन्सिल सरळ फिरली. काही जड गेलं नाही. जोलीन. एक रेघ. माणसं दोनचं एक केलं.

पिपाला डीलाकडे सोडलं नाही. पिपाची गरज आता अल्विनला लागेल.

१४ सप्टेंबर

पिपा माझ्याकडे बघत नाही. वाटीत खाणं ओतलं — वाटी रिकामीच.

डीला आली. दारात उभी राहून हाका मारल्या, जोलीन, जोलीन. मी समोर होते. हातभर अंतरावर — तिने डोळे पुसले, गेली.

बूट दाराशी नाहीत.

— पायऱ्यांवर पावलं. पिपा नाचतेय. दार —

गस! लंगडत, शेपटी हलवत. आणि मागे तो. दाढी वाढलेली, तोच हिरवा सदरा. त्याने चूल पेटवली. कॉफी ठेवली. फडताळातून कप काढला.

एकच.

अल्विन, मी इथेच आहे, टेबलाशी — तो माझ्या खुर्चीकडे बघतोय. रडतोय. राखेचा डबा समोर घेतलाय, त्यावर माझं नाव — अल्विन —

आवाज निघत नाही. शीळ घालते. दोन आखूड, एक लांब. नुसती हवा. पुन्हा —

ऐकलं! मान वर केली. उठला, इकडेच येतोय — वारा सुटलाय, असं कुत्र्यांना म्हणाला, आणि खिडकी लावतोय —