काचेतला नंबर

कंधार
४ मार्च २०२५

चि. वैजनाथ यास जगदेवी अक्काचे अनेक आशीर्वाद.

इकडील सर्व ठीक, हे सवयीनं लिहिलं. ठीक काही नाही. तुझ्या दाजींना ऑक्सिजनचं मशीन आता दिवसाचे सोळा तास लागतं. जिनिंगमध्ये तीस वर्षं कापसाची धूळ खाल्ली, ती आता छातीतून निघायला तयार नाही. ऊन तापलं तशी दुपारची लाईट रोज जाऊन राहिली. लाईट गेली की मशीन ओरडतं म्हणे. मला ते ऐकू येत नाही, समोर बसून बोललं तरच ओठांवरून कळतं, तुला ठाऊकच आहे. मुलगा अन् सून नोकरीवर जातात ते संध्याकाळी येतात. म्हणून मी दिवसभर मशीनच्या हिरव्या दिव्याकडं बघत बसते. मागच्या मंगळवारी न्हाणीत गेले अन् नेमकी लाईट गेली. बाहेर आले तर यांचे ओठ निळे पडलेले. सिलिंडर लावला, सावरले. तेव्हापासून अंघोळसुद्धा मुलगा घरी आल्यावरच करते.

आमच्या तनुजाचा भाऊ व्यंकट, यानं शिरूर अनंतपाळला सोलरचं दुकान टाकलंय. तो येऊन गच्चीवर दोन चकरा मारून गेला. म्हणाला, मावशी, आठ दिवसांत पॅनल बसवतो, मग पंचवीस वर्षं लाईटीची काळजी करू नका. सुनेचा भाऊ, घरचाच माणूस. मी हो म्हणायच्या बेतात आहे. तू तीस वर्षं वायरमन होतास म्हणून विचारते. फोनवर तू ओरडतोस अन् मला काही कळत नाही, तेव्हा पत्रच लिही. पण नेहमीसारखी चार पानं नकोत.

आमच्या भावजयबाई रुद्राणीला आशीर्वाद सांग. माझी माया आहेच, तुझी लवकर उत्तर देऊन दाखव.

तुझी अक्का


चाकूर
९ मार्च

ती. सौ. अक्कास वैजनाथचा शि. सा. न.

चार पानं नकोत म्हणालीस, म्हणून दोन लिहून फाडली. तरी डोकं शांत झालेलं नाही.

व्यंकटनं तुला एक तरी प्रश्न विचारला का? मशीन किती तास चालतं, लाईट किती वेळ जाते, टाकीची सावली दुपारी कुठं पडते? अक्का, नुसते पॅनल बसवले अन् बाहेरची लाईट गेली, की पॅनलही भर उन्हात बंद पडतात. खांबावर काम करणाऱ्याला झटका बसू नये म्हणून ते तसंच केलेलं असतं. तुला बॅटरी लागणार अन् तिला चालणारा इन्व्हर्टर लागणार. हे त्यानं सांगितलं नसेल तर त्याला माहीत तरी नाही, नाहीतर सांगायचं नाही. दोन्ही वाईटच.

दुसरं, कंपनीचं नाव तोंडी ऐकू नको. पॅनलच्या काचेच्या आत, कडेला, बारीक नंबर असतो. तोच नंबर मागच्या स्टिकरवर असायला पाहिजे. चष्मा लावून दोन्ही उतरून घे. गॅरंटीच्या कागदावर सही-शिक्का कंपनीचा हवा, दुकानाचा नव्हे. पंचवीस वर्षं तो दुकानात बसणार आहे का, हेही विचार. नात्याची भीड मशीनपुढं ठेवू नको.

दाजींना नमस्कार. माझ्या रागाला लोभच समजावं.

तुझा वैजनाथ


कंधार
१६ मार्च

चि. वैजनाथ यास आशीर्वाद, मनापासून नसले तरी.

तुझ्या दोन पानांनी घर पेटवलं. बॅटरीचं विचारलं तर व्यंकट हसला, लागली तर नंतर बघू म्हणाला. गॅरंटीच्या कागदाचं विचारल्यावर हसायचा थांबला. मावशी, परक्याला विचारावं तसं विचारून राहिल्या तुम्ही, असं म्हणून चहा न घेता गेला. तेव्हापासून तनुजा मला ताट वाढते, पण तोंडाकडं बघत नाही. अन् तू तिकडं चाकूरला बसून हुकूम सोडतोस.

एवढं होऊन काल त्यानं सहा पॅनल टेम्पोतून उतरवले. खोकी नाहीत, नुसते भिंतीला टेकवून गेला. हे म्हणाले, आलंय ते बसवून टाक, मला कुठं पंचवीस वर्षं काढायचीत. ते ऐकून मला यांचा, तुझा, व्यंकटचा, सगळ्यांचाच राग आला. तशीच उठले अन् पॅनलांपुढं पाट टाकून बसले. सोबतच्या कागदावर नंबर उतरवलेत. सहांपैकी चार पॅनलांवर काचेतला नंबर एक अन् स्टिकरवरचा दुसराच. फ्रेमच्या भोकांभोवती खरवडल्यासारखं दिसतं, आधी कुठं नट आवळले असावेत तसं. मला यातलं कळत नाही, दिसलं ते लिहिलं.

आता तू एक सांग. तुझ्या गच्चीवर दोन वर्षांपासून पॅनल आहेत अन् बिल शून्य येतं असं तू गावभर सांगतोस. ते कुणाकडून घेतलेस? मी तिथूनच मागवते अन् यातून सुटते.

आशीर्वाद आहेत. उत्तरावर ठरेल किती.

तुझी अक्का


चाकूर
२१ मार्च

ती. सौ. अक्कास शि. सा. न.

कळत नाही म्हणतेस अन् सगळं तूच पकडलंस. ते पॅनल दुसऱ्या कुणाच्या गच्चीवरून उतरवलेले आहेत. स्टिकर नवं चिकटवता येतं, काचेतला नंबर कुणाला बदलता येत नाही. एकही वर चढवू देऊ नको.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला तीन दिवस लागले. माझे पॅनलही तसलेच आहेत. दुकानदार ओळखीचा, अन् मी विजेत आयुष्य काढलेला. मला कोण फसवणार, या तोऱ्यात मी पॅनल उलटा करूनही बघितला नाही. वर्षाच्या आत काचेखाली गोगलगाय फिरल्यासारख्या तपकिरी रेघा उठल्या. आता निम्मीसुद्धा वीज देत नाहीत. नंबर कुठं असतो, कागद कुणाचा हवा, हे सगळं मी त्यानंतर शिकलो. शून्य बिल खोटं आहे. रुद्राणीला माहीत आहे, ती आलेलं बिल कुणाला दिसू नये म्हणून लपवून ठेवते, त्याचाच जास्त त्रास होतो. माझं बघून गावातल्या तिघांनी त्याच दुकानातून घेतले. रस्त्यात दिसले की मी गल्ली बदलतो.

व्यंकटला कागद दाखव. ओरडू नको. त्याला खरंच माहीत नसेल, असंही होऊ शकतं.

एवढं वाचूनही माया राहिली तर कळवावं.

वैजनाथ


कंधार
३० मार्च

चि. वैजनाथ यास आशीर्वाद.

दोन वर्षं मलाही खोटं सांगितलंस. एक दिवस तुझं पत्र उशाखाली ठेवलं, दुसऱ्या दिवशी व्यंकटला बोलावलं.

त्यानं नंबर चारदा ताडून पाहिले. मग लातूरच्या ज्या व्यापाऱ्याकडून माल घेतला त्याला फोन लावला, तो बंद. पायरीवरच बसला. म्हणाला, मावशी, आईची शपथ, नवे म्हणूनच घेतले होते. शिरूरला तीन घरांवर हाच माल चढवलाय, त्यातलं एक त्याच्या आईचं. तनुजा दारात उभी राहून ऐकत होती. ती भावाला म्हणाली, हे आधी इथून उचल, मग त्या तिन्ही घरी जाऊन सांग, अन् आईकडं पहिल्यांदा जा. त्यानंतर ती माझ्याशेजारी येऊन बसली. मला अगदी टेकून.

मी त्याला तुझी गोष्ट सांगितली. तुला न विचारता सांगितली, चिडायचं तर चीड. त्याला धीर आला. आता तो कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडून नवे पॅनल अन् बॅटरी आणणार आहे, खोकी माझ्यासमोर फोडायच्या अटीवर. जोडणीला तू उभा पाहिजेस असं तोच म्हणतो. पण ऐक. तो त्याच्या तीन घरी जाणार आहे. तूही तुझ्या तिघांना तोंडानं सांगून ये, मगच कंधारची एसटी धर. त्याआधी आलास तर पाणीसुद्धा विचारणार नाही.

माया तेवढीच आहे. म्हणूनच एवढा ताप होतो.

तुझी अक्का


कंधार
२२ एप्रिल

चि. वैजनाथराव यांस माणिकप्पाचा शरणार्थ. वि. वि.

तुम्हाला मी कधी पत्र लिहिलं नाही, लिहिण्याचं खातं जगदेवीकडं आहे. आज तिला न सांगता लिहितो. अक्षर थरथरतं, सांभाळून घ्यावं.

तुम्ही अन् व्यंकट जोडणी करून गेलात त्याला आठ दिवस झाले. गावातल्या तिघांपैकी एकानं तुमच्या तोंडावर दार लावल्याचं रुद्राणीबाईंनी कळवलं. पुन्हा जावं. व्यंकटलाही एका घरी दोनदा जावं लागलं.

आज दुपारी अडीचला लाईट गेली. पंखा बॅटरीवर नाही, तो थांबला, मशीन चालू राहिलं. जगदेवी माझ्याकडं पाठ करून चटईवर झोपली होती. दोन महिन्यांत मी तिला दिवसा पाठ टेकताना पाहिलं नव्हतं. लाईट साडेचारला आली, तोवर मी जागा होतो. तिची झोप मोडू नये म्हणून खोकला दाबून धरला. तनुजा आज लवकर आली, तिला मी तोंडावर बोट ठेवून खुणावलं, तर ती बिचारी चपला हातात घेऊन आत गेली. तिच्या सासूला ऐकू येत नाही, हे आम्हा दोघांच्या बऱ्याच वेळानं लक्षात आलं.

ती अजून झोपलेली आहे. उठायच्या आत पाकीट बंद करतो. लोभ आजवर अक्काच्या हातून पोचला, हा माझ्या हातचा समजावा.

आपला
माणिकप्पा