कढीपत्त्याखालची शिखर परिषद

धाहरान (सौदी अरेबिया),
शुक्रवार, दुपारचे तीन

ती. कमलाकरमामांच्या चरणी (डाव्या गुडघ्याला धक्का न लावता) उन्मेषचा साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा, मामींचं बीपी आणि वाचनालयातलं राजकारण, तिन्हींची खुशाली कळवावी. इकडे आम्ही दोघं मजेत आहोत. मजेत म्हणजे, बाहेर सगळं पांढुरकं झालं आहे, त्यात धूळ किती आणि समुद्राची वाफ किती ते कळत नाही. कंपनीची बससुद्धा पाण्याखालून चालल्यासारखी सावकाश जाते, आणि एसीच्या घरघरीत माझे डोळे आपोआप मिटतात. सुनेत्रा म्हणते, तू जागा असतोस तेव्हाही काही फार फरक पडत नाही. (हे ती प्रेमाने म्हणते असं मी धरून चालतो.)

तर तुमचं पत्र पोचलं. रशिया, चीन आणि जपान यांचे परस्परसंबंध व प्रादेशिक सुरक्षा या विषयावर वाचनालयात तुमचं व्याख्यान आहे, आणि मी योगायोगाने या तिन्ही देशांच्या मधोमध राहत असल्यामुळे आतल्या गोटातली माहिती कळवावी, असं तुम्ही लिहिलंत. मामा, माहिती भरपूर आहे, पण ती तुम्हांला व्यासपीठावरून सांगता येईल की नाही याबद्दल मला शंका आहे. आमच्या बंगल्यासमोर हिरवळीचा एक तुकडा आहे, आपल्या देवघराच्या खोलीएवढा. त्याच्या तीन बाजूंना रशियाचे गेन्नादी, चीनचे कुओ आणि जपानचे तानाबे राहतात, आणि चौथ्या बाजूला आम्ही. तिघेही माझ्यासारखेच पाइप आणि व्हॉल्व्ह यांच्यावर पोट भरणारे इंजिनियर. आपापल्या देशांबद्दल त्यांनी माझ्यादेखत कधी चकार शब्द काढलेला नाही. (देशांची भर माझी. दुपारच्या झोपेत मला नकाशे दिसतात, त्याला मी काय करू?) पण हिरवळीवरून मात्र तिघांनी एकमेकांशी बोलणं टाकलं होतं. गेन्नादी तिथे मांस भाजायची शेगडी मांडत. कुओंनी एका कडेला लसणाच्या पातीच्या ओळी लावल्या. तानाबेंनी एका सकाळी टेप आणून सगळं मोजलं, चार खुंट्या ठोकल्या, आणि कुणाला काही न बोलता घरात निघून गेले. त्या खुंट्यांमुळे जे बिघडलं ते शेगडीच्या धुरानेही बिघडलं नव्हतं.

आणि या सगळ्याच्या बरोबर मध्यभागी आमचा कढीपत्ता. सहा वर्षांपूर्वी सुनेत्रा इथे आली तेव्हा तिला कुणी म्हणजे कुणी ओळखीचं नव्हतं. मी सकाळी सहाला प्लांटवर, तो अंधार पडता घरी. त्या वेळी शेजारच्या खोबर शहरातल्या कादिरभाईंनी (रत्नागिरीकडचे, किराणा दुकान आहे) तिला दूधपावडरच्या डब्यात वीतभर रोप दिलं आणि सांगितलं, वहिनी, पाणी कमी घाला, बोला जास्त. तिने ते अक्षरशः पाळलं. आता झाड माझ्या डोक्याच्या वर गेलं आहे. पहिल्या वर्षीचं तिचं सगळं एकटेपण त्या झाडाने ऐकलेलं आहे, मी नाही, आणि याची मला अजून लाज वाटते.

या महिन्याच्या सुरुवातीला कंपनीच्या वसाहतीचा व्यवस्थापक (इकडे त्याला कॅम्प बॉस म्हणतात) नबील आला. तिन्ही घरांच्या तक्रारींची चळत त्याच्या काखेत होती. त्याने सांगितलं की या तुकड्याचं काय करायचं ते चौघांनी मिळून एका कागदावर लिहून सह्या करून द्या, नाहीतर महिनाअखेर तो काँक्रीट ओतून तिथे गाड्या लावायची सोय करणार. खलास. सुनेत्रा त्या दिवशी आमटीला फोडणी द्यायची विसरली. तुमच्या भाचेसुनेच्या हातून असं कधी होत नाही, म्हणून मी मनात घेतलं की तिघांच्या सह्या आणायच्याच. जपान आणि रशिया यांच्यात महायुद्धानंतरचा शांतता करार अजून झालेला नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत. चार बेटांवरून अडलंय. जपान आणि चीनचं आणखी काही निर्जन बेटांवरून. रशिया आणि चीनची मैत्री, तर त्या मैत्रीचाच जपानला घोर. इतक्या वर्षांत जे बड्या बड्या मंत्र्यांना जमलं नाही ते मी महिनाअखेरपर्यंत करायला निघालो होतो, तेही साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी.

सुरुवात सुनेत्राने केली. तिघांकडे स्टीलच्या डब्यातून चिवडा पाठवला. डबा रिकामा परत करायचा नाही हे त्या तिघांना कुणी शिकवलं होतं कोण जाणे, पण तिन्ही डबे भरून आले. तानाबेंकडून गोड वड्यांची सुबक पेटी आणि आत त्यांच्या भाषेतलं कार्ड, कुओंकडून चहाचा डबा, गेन्नादींकडून त्यांच्या आईने घातलेला मुरंबा. मग उलट आपण काहीतरी द्यायचं, हे ओघाने आलंच. नेमकी सुनेत्रा तापाने पडली आणि परराष्ट्र खातं माझ्याकडे आलं. मी काय करावं? हळदीकुंकवाला आलेला ब्लाउजपीस आपल्याकडे कसा न उघडता पुढच्या घरी जातो, तसं मी केलं. जपानची पेटी चीनला दिली, चीनचा चहा रशियाला, रशियाचा मुरंबा जपानला. कागदसुद्धा बदलला नाही, गुपचूप तिघांच्या दाराशी ठेवून आलो. इतक्या सुटसुटीतपणे काम उरकल्याच्या आनंदात मी सोफ्यावर जो आडवा झालो तो संध्याकाळी उठलो.

त्या झोपेत मला काय दिसलं सांगू? कढीपत्त्याखाली मोठी सतरंजी, तिच्यावर सगळे देश मांडी घालून बसलेले, आणि सतरंजी हळूहळू वर चाललेली. खाली निळा समुद्र, त्यात ती बेटं, पण इतकी लहान की कुणाची कुठली ते कुणालाच सांगता येईना. कुणी काही मागत नव्हतं. सगळ्यांच्या हातात चिवडा होता. मामा, मला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. जागा झालो तरी ते होतंच.

खिडकीतून पाहतो तर कुओ तानाबेंच्या दारात कमरेत वाकलेले! पेटीतलं ते कार्ड मी काढलंच नव्हतं. जपानी लिपीतली बरीच अक्षरं चिनी माणसाला लागतात. शेजारी, त्रास आणि क्षमा एवढी कुओंना लागली. खुंट्यांबद्दल तानाबेंनी आपली माफी मागितली, असं त्यांना वाटलं. (ती सुनेत्राची मागितली होती.) तानाबेंना काहीच कळेना, पण विचारणं असभ्य दिसेल म्हणून ते कुओंपेक्षा खाली वाकले. तिकडे गेन्नादींना चहाच्या डब्यावर कुओंचं नाव सापडलं, ते शेगडी घेऊन आभार मानायला निघाले, तर वाटेत तानाबे, बरणीवरचं गेन्नादींचं नाव वाचून, हातात मुरंबा घेऊन त्यांच्याकडेच येत होते. मी पडद्याआड उभा राहून पाहत होतो. खरं काय ते जाऊन सांगावं असं एकदा मनात आलं. पण तिघे लसणाच्या पातीपाशी उभे राहून हसत होते, आणि अशा वेळी खरं बोलणारा माणूस कुणाला हवा असतो?

तेव्हापासून रोज संध्याकाळी तिघे तिथे बसतात. खुंट्या निघाल्या, पात गेन्नादींच्या मांसावर पडू लागली. आणि आज, पत्र लिहायला बसण्याआधी, तिघांनी मिळून एक कागद आणला. एका कागदावर तीन देशांच्या सह्या, मामा! व्याख्यानात हे जरूर सांगा. माणसांना जवळ आणायला समान हित लागत नाही, थोडासा गैरसमज पुरतो, असं माझं नम्र मत झालं आहे. मामींना नमस्कार.

तुमचा,
उन्मेष

ता.क. कागदावर तीन नाही, चार सह्या आहेत. चौथी माझी. पुरी-श्रीखंड जेवून मी पेंगत होतो, तानाबेंनी पट्टीने आखलेल्या नकाशात चार खुर्च्या दिसल्या, आपल्यालाही धरलंय हे पाहून मला भरून आलं, आणि मी सही केली. तिघे गेल्यावर नीट पाहिलं. चार खुर्च्यांच्या मधोमध गोल टेबल आहे. फरशी आहे, दिवा आहे. झाड नाही.

ता.क. २. ते नबीलकडे गेले आणि नबीलने आनंदाने शिक्का मारला. मजूर पुढच्या रविवारी येतील. सुनेत्रा परवा नाशिकला येते आहे, हे पत्र तिच्याच हाती देतो आहे. तिला यातलं काही ठाऊक नाही. तेव्हा मामा, एवढीच विनंती, खरं तर त्यासाठीच हे सगळं लिहिलं. काहीही कारण काढा, गुडघा म्हणा, मामींचं बीपी म्हणा, पण तिला पंधरा दिवस तिकडे अडकवून ठेवा. आणि जमलं तर झाडाचं तुम्हीच सांगा. तुमचं ती ऐकते. माझ्याच्याने तिच्याकडे बघून सांगवणार नाही.

ता.क. ३. आपल्या घरच्या रिवाजाप्रमाणे खाली सुनेत्राला दोन ओळींपुरती जागा सोडली आहे. वरचं वाचू नकोस, व्याख्यानाचं रुक्ष आहे, असं तिला बजावलं आहे.

*

ती. मामांना सुनेत्राचा नमस्कार. व्याख्यानाचं सगळं वाचलं. नबीलकडे जाऊन आले, शिक्का मारलेला कागद आता माझ्याजवळ आहे. तिघांना आज संध्याकाळी झाडाखाली बोलावलंय, पेटी, चहा आणि मुरंबा कुणाचा कुणाकडे गेला ते सगळं सांगणार आहे, मग बघू. माझं तिकीट रद्द केलं. उन्मेषची रजा शिल्लक होती, परवा तोच येतोय तुमच्याकडे. गुडघा म्हणा, बीपी म्हणा, पण त्याला पंधरा दिवस अडकवून ठेवा.