मेणकापडावरची गाडी

हाझेलग्रून,
बुधवार, १४ एप्रिल १९४३

मेणकापडावरचं ते निघत नाही. राखेने घासलं, व्हिनेगर ओतलं, शेजारच्या त्साइडलरबाईकडून सोडा मागून आणला आणि त्यापायी तिचं अर्धा तास ऐकून घेतलं. तुझं चित्र आपलं तसंच्या तसं. उलट ती जांभळी पेन्सिल ओली झाली की जास्तच खुलते. माणसाने रविवारी आजीकडे यावं, जेवावं, हात पुसावेत आणि गाडी पकडावी. जेवणाच्या टेबलावर लढाईचं वाहन कशाला काढून ठेवावं मेल्या? कागद मागितला असतास तर मी नाही म्हटलं असतं?

असो. चि. लोटारला आजी हुल्डाचे आशीर्वाद. मागचे वापरले नसतील तर हे शिल्लक टाक.

आता रोज मी त्या गाडीवर बटाटे सोलते. चाळीस वर्षं मी यंत्रावरच्या लेसमधले सुटलेले टाके हाताने भरले. जिथे काही नाही तिथेच माझी नजर जाते, त्याला मी काय करू? तू म्हणाला होतास की ही रणगाडे फोडायची गाडी, वर घुमट नाही, बुटकी, आत चार माणसं आणि एक तोफ. मी तोफेच्या जागी गाजर ठेवलं आणि माणसांच्या जागी चार बटाटे. मोठे नाही घेतले, तुमच्यासारखे मध्यमच. तिसरा बटाटा बसत नाही. तोफेत गोळा घालायचा तोच ना? एकीकडे गाजर, एकीकडे भिंत. त्याने कोपर कुठे ठेवायचं? प्रत्येक गोळ्याला ते लोखंडावर आपटणार. तुमच्या ऑफिसात एवढी शिकलेली माणसं, कुणालाच कोपर नाही का?

तुमच्या कारखान्यात लेसच व्हायची आणि तू लेसची फुलं काढायचास तेव्हा बरा होतास. फुलाला कोपर नसतं.

हे पत्र आगगाडीच्या ट्राउगोट गार्डाच्या हाती देते आहे. टपालातली पत्रं हल्ली आपल्याआधी दुसरंच कुणीतरी वाचतं. त्याला एक सॉसेज दिलंय. तू आणखी देऊ नकोस, सवय लागेल.

कळावे. लोभ असेल तेवढा चालेल, मेणकापड मात्र नवं आण.

तुझी आजी हुल्डा


शहरातून,
रविवार, २ मे १९४३

ती. आजीस लोटारचा शि. सा. न. वि. वि.

मेणकापड शोधतो आहे. दुकानदार म्हणाला की मेणकापड मागणारं गिऱ्हाईक त्याने दोन वर्षांत पाहिलं नाही, आणि मला नीट बघता यावं म्हणून त्याने चष्मा लावला.

पण आजी, तुझ्या कोपराने काय केलंस तुला ठाऊक नाही. मी आमचे मुख्य इंजिनियर क्निशेसाहेब यांना सहज म्हणून ते सांगितलं. त्यांनी माझं सांगणं मध्येच तोडलं, एक खुर्ची भिंतीला लावली, दुसऱ्या बाजूला कपाट ओढलं, मध्ये स्वतः बसले आणि हातात रद्दीची टोपली घेऊन ती तोफेत घालायची नक्कल केली. कोपर भिंतीवर आपटलं. मग ते जे बोलले ते तुला लिहीत नाही. तोफ उजवीकडे सरकवायची ठरली. त्यामुळे एकोणीस नकाशे नव्याने काढायचे आहेत. तीन आठवड्यांचं काम!

मी आनंदात का, असं तू विचारशील. तुझ्या नातसुनेला, गुडरुनला, सोडून हे कुणाला ठाऊक नाही, आता तुला सांगतो. माझ्या खिशात एक कागद आहे. त्यावर लिहिलंय की या माणसाचं इथलं काम अत्यावश्यक, त्याला सैन्यात नेऊ नये. खाली बारीक अक्षरात आहे, नकाशे पुरे होईपर्यंत. आम्ही सहा जण नकाशे काढतो. शेवटच्या नकाशावर सही झाली की आमची रवानगी पूर्वेच्या आघाडीवर. ट्रकचे नकाशे संपले तेव्हा त्या खोलीतले दोघे गेले. एकाचं कार्ड आलं, दुसऱ्याचं नाही.

तेव्हा रागावू नकोस, पण बटाटे पुन्हा मांड. आणि ते चित्र कुणाला दिसू देऊ नकोस, नाहीतर मला आघाडीपेक्षा वाईट जागी नेतील.

गुडरुन नमस्कार सांगते. लोभ असावा, गाजर असावं.

तुझा लोटार


हाझेलग्रून,
रविवार, १६ मे १९४३

चि. लोटारला आ.

दिसू देऊ नकोस हे आधी सांगायचंस. त्साइडलरबाईने पाहिलं. ती सोडा परत मागायला आली. वापरलेला सोडा परत मागणारी बाई ती. टेबलाकडे बघून हे काय म्हणाली. तिच्या नवऱ्याच्या कोटाला पक्षाचा बिल्ला असतो, तेव्हा मी डोळ्याची पापणी न हलवता सांगितलं, सशांचं खुराडं आहे, माझ्या नातवाने काढलंय, नवीन तऱ्हेचं. तिने तिरका उतार बघितला, म्हणाली पाऊस छान ओघळून जाईल. आणि मेल्या, तिसऱ्या दिवशी तिच्या नवऱ्याने ते करायला घेतलं! माप घ्यायला तो माझ्याच टेबलाशी येऊन बसला. मी त्याला कॉफी दिली, भाजलेल्या जवाची.

आता तुमची गाडी तिच्या अंगणात उभी आहे, आत चार ससे. तोफेच्या जागी त्याने चुलीचा जुना पाइप घातलाय. का, हे त्याला विचारलं तर म्हणतो चित्रात होतं, हवेसाठी असेल. मी रोज साली टाकायच्या निमित्ताने जाते आणि बघते. ऐक. मागच्या कोपऱ्यातल्या सशाला पुढचा हलल्याशिवाय बाहेर येता येत नाही. पुढचा मेला तर मागचा बसला तिथेच. आणि दार एवढं अरुंद की त्साइडलरबाईची जाडी सशीण तीन दिवस आतच आहे. तिला कुणी म्हणालं नव्हतं आत जा म्हणून.

हे सगळं तुझ्या क्निशेला सांग. पण एक लक्षात ठेव, चुका खऱ्याच काढायच्या. वेळ काढायला खोटी चूक घालशील तर माझ्या दारात उभा राहू नकोस. त्या डब्यात कुणाची तरी पोरं बसणार. तुझ्या बापाला मागच्या लढाईत लहान मापाचे बूट दिले होते. त्याच्या शेवटच्या पत्रात तेवढंच होतं, बूट चावतात. मला न विचारता गेला, आणि बूट अजून चावतायत की नाही ते कळवलंच नाही.

खऱ्या चुका भरपूर आहेत. माझ्या आयुष्यात मी एकही लेस बिनचुकीची बघितली नाही.

लोभ कर, पण उपकार दाखवल्यासारखा नको.

आजी


शहरातून,
मंगळवार, २२ जून १९४३

ती. आजीस शि. सा. न. घाईत लिहितो आहे.

सशाच्या दोन चुकांवर साडेपाच आठवडे मिळाले. पण आता मी स्वतःच एक चूक केली आहे, आणि ती मला वाचवणारी नाही.

लेसचा नमुना आपण कसा काढतो? अर्धंच फूल काढायचं, मधोमध रेघ मारायची आणि लिहायचं, दुसरं अर्धं उलटून घ्या. बारा वर्षांत मी पूर्ण फूल कधी काढलेलं नाही. गाडीच्या पुढच्या भागाचा नकाशा काढताना हात आपोआप तसाच गेला. ड्रायव्हरची डावी बाजू काढली, रेघ मारली, लिहिलं, उलटून घ्या. आमचा सुतारही जन्मभर भरतकामाच्या यंत्रांवर राबलेला. त्याने निमूटपणे उलटून घेतलं.

काल सैन्याकडून एक मेजर, लोखंडी गाडीआधी करतात ती नमुन्याची लाकडी गाडी तपासायला आले. वरचं कापड ओढून काढलं. आत दोन ड्रायव्हर. दोन खुर्च्या, दोन्हीकडे ब्रेक, दोन्हीकडे दांडे, आणि उजवीकडच्या ड्रायव्हरच्या मांडीवर तोफेचं बूड. मेजरने शांतपणे विचारलं की हे दोघे आपापल्या दिशेने जाणार आहेत का. क्निशेसाहेब भिंतीसारखे पांढरे झाले. मेजर म्हणाले, हा मूर्खपणा असेल तर ठीक, मुद्दाम केलेला घात असेल तर त्याची शिक्षा वेगळी. शनिवारी चौकशी आहे.

आजी, ही मी मुद्दाम केली नाही. इतर सगळ्या चुका शोधून काढल्या, ही आपोआप झाली. पण हे कोण खरं मानणार?

गुडरुन खात नाही, पीत नाही. तिला काही लिही.

लोटार


हाझेलग्रून,
गुरुवार, २४ जून १९४३

रडू नकोस, आधी वाच. आशीर्वाद शेवटी देते.

ट्राउगोटबरोबर एक गुंडाळी पाठवली आहे. त्यात तुझ्या पणजीच्या वेळेपासूनचे आठ नमुन्याचे कागद आहेत. गुलाब, द्राक्षं, एक मोर, सगळं अर्धं. मोराला तर एकच पाय आणि एकच डोळा आहे. प्रत्येकावर मध्ये रेघ आणि खाली तेच शब्द. हे मेजरच्या समोर मांड. मग त्याला तुझ्या टेबलाच्या खणातला स्वतःचा एखादा जुना नमुनाही दाखव. म्हणावं, या शहरात चार पिढ्या अर्धंच काढतात, तुम्ही लेसवाल्यांकडून तोफा करून घ्यायला आलात, आम्ही बोलावलं नव्हतं. हे शेवटचं नको म्हणूस. हे मी म्हटलं.

बाकी वकिली करू नकोस. तू लबाडापेक्षा मूर्ख जास्त दिसतोस मेल्या, देवाने दिलेला चेहरा आहे, शनिवारी तोच घालून जा.

गुडरुनला सांग, जेव. उपाशी बायकोचा मेजरवर काही परिणाम होत नसतो.

हे आशीर्वाद. आठच्या आठ कागद परत हवेत, मोर घडी न घालता.

आजी हुल्डा


शहरातून,
रविवार, २१ नोव्हेंबर १९४३

ती. आजींना गुडरुनचा सा. न. वि. वि.

पत्राला फार उशीर झाला, रागावू नये. चौकशीत तुमच्या मोराने वाचवलं हे ह्यांनी जुलैत कळवलंच होतं. मेजरसाहेबांनी तो एका पायाचा मोर बराच वेळ धरून ठेवला आणि म्हणाले की माझ्या आईकडे याचाच टेबलक्लॉथ आहे, फक्त पूर्ण.

आता इकडची बातमी. गेल्या महिन्यात पहिली लोखंडी गाडी बाहेर आली. मेजरसाहेब स्वतः आत उतरले आणि वरच्या दारात अडकले. पोटापाशी. आठ माणसांनी ओढलं, ग्रीस लावलं, काही नाही. एकाने दार कापायचं सुचवलं, तेव्हा मेजरसाहेबांनी त्याचं नाव विचारलं. शेवटी हे वर चढले आणि त्यांना सांगू लागले, उजवा खांदा खाली, डावा हात वर, श्वास सोडा, आता त्साइडलरबाईच्या सशिणीसारखे वळा. शेवटचं तोंडातून निघून गेलं. पण मेजरसाहेब वळले आणि निघाले! फार खूश झाले. म्हणाले, ही गाडी याच्याइतकी कुणालाच कळलेली नाही.

दार मोठं करायचं ठरलंय, म्हणजे नकाशे पुन्हा आलेच. काळजी नसावी. त्या ओढाओढीत ह्यांचा उजवा हात मनगटात मुरगळला आहे, म्हणून पत्र मी लिहिते आहे. बाकी सगळं ठीक. हे नमस्कार सांगतात.

लोभ आहेच, तो असाच राहू द्यावा.

आपली नम्र, गुडरुन


हाझेलग्रून,
गुरुवार, २५ नोव्हेंबर १९४३

तुला खोटं बोलता येत नाही गुडरुन, आणि त्यात तू पत्र लिहायला घेतेस. लोटार डावखुरा आहे. सहा वर्षांचा असताना मी त्याचा डावा हात वर्षभर खुर्चीला बांधून ठेवला होता, सुधारला नाही. दोन वर्षं संसार करतेस, नवरा कोणत्या हाताने चमचा धरतो ते बघितलं नाहीस? बघितलं असशील. घाबरलीस म्हणून विसरलीस.

चि. गुडरुनला आशीर्वाद. आता रडून घे, मग पुढे वाच.

ट्राउगोटला दोन सॉसेज दिली तेव्हा बोलला. स्टेशनवर त्याने स्वतःच्या हाताने लोटारची पेटी पूर्वेकडे जाणाऱ्या आगगाडीत चढवली. तुझं अर्धं पत्र खरं होतं. लेसवालीच तू, अर्धंच काढलंस. दुसरं अर्धं मी उलटून घेतलं. मेजर म्हणाला, ही गाडी याच्याइतकी कुणालाच कळलेली नाही, मग हा टेबलाशी काय करतोय, याला आतच बसवा. खिशातला कागद फाडला. इतके महिने मी त्याला बाहेर ठेवायला चुका शोधल्या आणि शोधून शोधून त्याला त्यातच बसवला. हे मला कळतं. तू मला समजूत घालायला येऊ नकोस.

त्साइडलरबाईने परवा सशीण मारली. रस्सा पाठवला होता, मी परत पाठवला. तिला वाटलं मला दात नाहीत म्हणून.

लोटारने सप्टेंबरात नवं मेणकापड आणून दिलं, कुठून कोण जाणे. ते कपाटात आहे. जुनंच टेबलावर आहे. ट्राउगोट सांगत होता, त्याला तिसरी जागा दिली, गोळे घालायची. तिसरा बटाटा मी तिथेच ठेवलाय. कोंब फुटलेत, असू देत.

त्याला बोलताना एक शिवी मी लहानपणापासून देत आले. ती मी आता बंद केली आहे. तो आला की परत चालू करीन.

त्याचा पत्ता तुझ्याकडे असेल. हे त्याला कळव, जसंच्या तसं, तुझी भर नको. आजी विचारते, तोफ सरकवल्यावर कोपर लागतं की नाही. बाकी काही विचारलेलं नाही. याचं उत्तर तू लिहायचं नाहीस, मेजरने नाही, त्याच्या शेजारच्या कुणीही नाही. त्यानेच लिहायचं, डाव्या हाताने, आणि मला पाठवायचं.

हुल्डा