खरकटी मेमरी

मंगळवार, ४ मार्च

— सर्व्हर चालू केला, तोच परत बंद पडला. पुन्हा चालू केला. या खेपेला टिकला.

तेवढ्यात रक्तपेढीच्या डॉक्टरांचा फोन. "मॅडम, हॉस्पिटलं विचारतायत कुठल्या गटाचं रक्त कुठे मिळेल, आणि तुमचा सर्व्हर गप्प! आम्ही काय गल्लोगल्ली ओरडत फिरायचं?" सोमवारी दुसरी कंपनी आपली सिस्टिम दाखवायला येणार आहे, तेही ऐकवून टाकलं.

हे आमचं शेवटचं गिऱ्हाईक. ते गेलं की या खोलीला कुलूप.

बुधवार, ५ मार्च

मेमरीचा आलेख बघत बसले. जिना नुसता. चढतो, उतरत नाही. हॉस्पिटलचा प्रश्न आला की त्याच्यासाठी मेमरीत जागा घ्यायची, उत्तर गेलं की सोडायची — एवढंच तर आहे! कुठेतरी सोडायची राहतेय; मेमरी गळतेय. दुपारी गर्दी झाली की जागा संपते आणि सर्व्हर मान टाकतो.

खाली टायरवाल्याचं यंत्र धडधडत होतं. रबराचा वास. आम्ही दोघी बहिणींनी कंपनीसाठी ही खोली घेतली त्या दिवशी ताई म्हणाली होती, "भाडं कमी का, ते नाकाला कळलं." किती हसलो होतो! तेव्हा धड खुर्ची एकच होती. जी कोडमधला बग शोधेल ती खुर्चीवर, दुसरी खोक्यावर. मी बहुतेक खोक्यावर.

गुरुवार, ६ मार्च

सापडलं. कोडच्या जुन्या फायलींत थेंबभरही गळत नाही. गळतं ते फक्त नव्यांत — ताई सोडून गेल्यावर मी एकटीने लिहिलेल्या. मोबाइलवरून येणारे सगळे प्रश्न त्यांतूनच जातात.

कारण कळलं तेव्हा हसूच आलं. घरी आमचा नियम होता : स्वयंपाक मी, भांडी ताई. कोडमध्येही तेच चालत आलं. ठरवलं कोणीच नव्हतं. जागा घेणारं फंक्शन माझं, सोडणारं तिचं. मी मागे वळून बघतही नसे. तिने लिहिलेलं असायचंच. ती गेली. मी रांधत राहिले. मोरीत ढीग.

भांडी घासताना ताई शिट्टी वाजवायची. आई ओरडायची. मी ओट्यावर बसून पाय हलवत बडबडत असायचे. दिवसातली सगळ्यात चांगली वेळ ती.

शुक्रवार, ७ मार्च

सोडण्याच्या ओळी मीच घातल्या. चाचणीत एका हॉस्पिटलचं उत्तर दुसऱ्याला गेलं! उत्तर वाटेत असतानाच मी जागा सोडली, आणि तिथे भलत्याचंच येऊन बसलं. चाचणी होती म्हणून ठीक. खरं असतं तर — भलत्याच गटाचं रक्त.

ओळी काढून टाकल्या.

ताईला फोन करावा? आईच्या आजारपणानंतर आम्ही बोललेलो नाही.

शनिवार, ८ मार्च

केला.

"बोल," म्हणाली. जणू कालच बोललो होतो.

सगळं सांगितलं. भांड्यांचंही. वाटलं, हसेल.

"मला भांडी घासायला आवडायची, हे तुला कोणी सांगितलं?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आणि शिट्टी वाजवायचे ती तुझी बडबड ऐकू येऊ नये म्हणून." मग म्हणाली, "कोड पाठव."

दुपारभर फोन कानाला. "उत्तर पूर्ण गेल्याशिवाय सोडायचं नाही. पण समोरच्याचा संपर्क मध्येच तुटला, तरीही सोडायचंच. ही दुसरी वाट तू विसरतेस. नेहमी!" मी म्हटलं, तू सांग, मी टाइप करते. "मुळीच नाही. तूच लिही. मी बघते." एकेक फाईल लिहीत गेले. मध्येच, "अगं बये, तिथे नाही!" — तोच आवाज. क्षणभर खोक्यावर बसल्यासारखं वाटलं.

तिच्या नव्या नोकरीचं विचारलं. "चाललंय." परत येतेस का, विचारलं.

"नाही," म्हणाली. "आता तुला येतंय की."

सोमवार, १० मार्च

दुपारची गर्दी आली आणि गेली. आलेख सपाट! टायरवाला वर डोकावला. "काय मॅडम, आज शिव्या नाहीत?"

मंगळवार, ११ मार्च

सकाळी डॉक्टरांचा फोन. आमचीच सिस्टिम ठेवणार. दुसऱ्या कंपनीचं काल कोणी आलंच नाही. डॉक्टर म्हणाले, त्या कंपनीच्या बाईंनी रविवारीच कळवलं होतं — आहे तीच सिस्टिम ठेवा, ती आता पडणार नाही. "आवाज थेट तुमच्यासारखा हो. मी आधी तुम्हीच समजलो."

त्या कंपनीत फोन लावला. ताईचं नाव सांगितलं.

"मॅडमनी कालच काम सोडलं," पलीकडची मुलगी म्हणाली.