बिघाडाच्या वहीत राग नको

शनिवार, संध्याकाळ. दौंड.

आभार मानताना इंग्रजी अपुरं पडलं, म्हणून इथे मराठीत लिहिते.

गेल्या आठवड्यात मी संगणकावरचं लिनक्स अपग्रेड केलं आणि पडद्यावरचं मराठी वाचून दाखवणारा आवाज बंद पडला. ह्यांना दिसत नाही. पेपर ते त्या आवाजातच ऐकतात. मग मीच वाचू लागले. "वाचती हायस का दम देती हायस?" हे म्हणाले.

त्या आवाजाचा प्रोग्रॅम विनामोबदला सांभाळणाऱ्या बाईंना मी लिहिलं, 'हा निष्काळजीपणा आहे.' त्यांनी शांतपणे विचारलं, 'नेमकं काय केल्यावर बंद पडतो?' मला सांगता येईना. निष्काळजीपणा! काय हा शब्द वापरला मी?

ह्यांची सगळी नोकरी रेल्वेच्या सिग्नल खात्यात गेली. म्हणाले, "बिघाडाच्या वहीत राग लिहीत न्हाईत, बाई. काय केलं, काय व्हायला पायजे हुतं, काय झालं, एवढंच लिही." त्यांनी सांगितलं, मी लिहून बाईंना पाठवलं.

आज दुरुस्ती आली. आवाज पहिली बातमी वाचू लागला. "आता तू गप बस," म्हणून हे हसले.

बिघाडाच्या वहीत शेवटी लिहावं तसं, सुपूर्द केलं: ह्यांना कीबोर्ड आणि हेडफोन, बाईंना माफी, आणि पुढची आवृत्ती आम्ही दोघं आधी तपासून देऊ असा शब्द.